सोनबातात्या आणि बोलणारी विहीर

सोनबातात्या मला डोंगरावर पहिल्यांदा दिसले ते मेल्यासारखे. ऐन दुपारी, धारेवरच्या तापलेल्या कातळावर पालथे पडलेले, एक कान दगडाला टेकलेला. मी चुकलेली कालवड शोधायला गेलो होतो. हाक मारायला तोंड उघडलं, तर त्या प्रेतानं डोळे न उघडताच ओठावर बोट ठेवलं.

"गप. आत बोलत्यात."

कालवड राहिली बाजूला. मी उतरलो तो थेट घरात.

तसे तात्या आमच्या शेजारचेच. सारा जन्म एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर माणूस पारावर बसतो; हे डोंगरावर जाऊन बसले. घळीत दगडांचे आडवे बांध घालायचे, उतारावर चर खणायचे. पाऊस लागला की डोक्यावर इरलं घेऊन त्या बांधांपाशी उभे, आणि पळत्या पाण्याला दरडावायचे, "ए, कुठं निघाला पळत? हितंच उतरा! आत लई जागा हाय!"

धुक्यात माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. गुराख्यांनी ती वाट सोडली. माझी गुंजवण्याच्या रस्त्याला पिठाची गिरणी आहे, त्यामुळं सगळ्या वाड्यांच्या बातम्या दळणाबरोबर येतात. एका धनगरानं मला शपथेवर सांगितलं, वर मेलेला कंडक्टर फिरतो.

"अहो, जिवंत आहेत ते. काल माझ्याकडनं पीठ घेऊन गेले."

"भूत बी न्हेत असंल की पीठ," तो म्हणाला.

यंदा शिमग्याच्या सुमारास मात्र गिरणीवर वेगळीच बातमी आली. डोंगरापलीकडच्या वाडीत चिंधाक्कांची विहीर बोलायला लागली होती. दरसाल दिवाळी झाली की त्या विहिरीचा तळ दिसायचा, मग अक्का म्हातारपणी ओढ्यात झरा उकरत बसायच्या. यंदा विहिरीतून आवाज येत होता. बायका तिकडं फिरकेनात. देवऋषीनं काठावर लिंबं-बिब्बे बांधून ठेवले होते.

मला राहवेना. गेलो. भर उन्हात तिथं चिटपाखरू नव्हतं. काठावर वाकलो तर खालून गार वारा तोंडावर आला, कुणी उसासा टाकावा तसा. मग ऐकू आलं. घट्... घट्... घट्. अंधारात कुणीतरी दमानं पाणी पीत होतं.

"पाजर हाय त्यो," मागून आवाज आला. मी विहिरीत पडायचाच राहिलो. चिंधाक्का होत्या, कळशी घेऊन. "कपारीतनं गळतंय. लोक उगीच भितात. म्या तर रोज भरती."

त्यांनी पोहरा सोडला, पाणी काढलं. मला ओंजळभर दिलं. दात शिवशिवले.

"कुठून आलं हो एवढं?"

"देव जाने," त्या म्हणाल्या आणि कळशी कमरेवर घेऊन चालू लागल्या.

परतताना मी मुद्दाम धारेवरनं आलो. तिथं उभा राहिलो आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला ती विहीर. तात्यांचे सगळे बांध, सगळे चर पलीकडच्या उताराला होते. आमच्या बाजूला एकही नाही.

तात्या खालच्या घळीत दगड बसवत होते.

"तात्या, तुमी आपल्या बाजूला एक बी बांध घातला न्हाई?"

"आपल्याकडं नळ हाय."

"पर पलीकडं तुमचं कोन हाय?"

त्यांनी दगड हलवून पाहिला. डुगडुगत होता; खाली दगडाची चिप मारली. मग म्हणाले, "बहीन."

चिंधाक्का त्यांची बहीण, हे मला ठाऊकच नव्हतं. आईच्या दहाव्याला दोघांत काहीतरी बोलणं झालं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. काय बोलणं, ते आता त्यांनाही धड आठवत नव्हतं. तेव्हापासून ना येणं ना जाणं. मधे डोंगर, आणि वय झालेलं.

"तू गेला हुता ना तिकडं?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं. "दोर लई लांब सोडावा लागतोय का तिला?"

"न्हाई तात्या. थोडकाच."

"वाकून वढती का हुभ्यानं?"

"हुभ्यानं."

तात्या खाली बसले. टोपी काढून तोंड पुसलं, मग टोपी तशीच हातात धरून राहिले. वारा पडला होता.

"चला की एकदा," मी म्हणालो. "मी येतो संगं. पानी पिऊन येऊ."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"तिला काय सांगू नगंस," शेवटी म्हणाले. "इचारलंच तिनं, तर पावसाचं हाय म्हन."