नावं ठेवणारे मन्मथअप्पा

उदगीरजवळच्या आमच्या गावात मन्मथअप्पांचा म्हशींचा गोठा आहे. तुम्ही तिथे गेलात आणि सहज म्हणालात, "काय देखणी म्हैस आहे हो," तर अप्पा तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाहीत. तुमच्या आणि म्हशीच्या मधे येऊन उभे राहतील आणि म्हणतील, "कशाची देखणी? डोळा तिरळा हाय. लाथा मारती. दूध तर असं, की मांजर बी तोंड लावत न्हाई."

ती म्हैस बादली भरून दूध देत असते.

अप्पांचा नजर लागण्यावर पक्का विश्वास. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात दिवसभर स्वतःच्याच जनावरांची निंदा. गोठ्यातल्या सगळ्यात गुणी म्हशीचं नाव त्यांनी दलिंदर ठेवलं. तिच्या शेजारी बांधलेली ती रोगट. एकदा लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलं आणि त्या धडधाकट म्हशीला शिंगापासून शेपटीपर्यंत तपासून काढलं. अप्पा बाजूला उभे राहून मान हलवत होते, "बघा, काही सापडतंय का."

या निंदेला घरात अपवाद एकच, त्यांचा मुलगा बसवराज. तो हैदराबादला कंपनीत आहे. "आमचा बसू म्हणजे हिरा. शांत, कष्टाळू, शब्दाला पक्का." अप्पांची बायको गेली तेव्हा तो हिरा येऊन गेला, त्यानंतर गावात फारसा दिसला नाही. पण मला त्याचा हेवा वाटायचा, कारण माझी जागा दलिंदरच्या रांगेत होती.

आमचं घर गोठ्याला लागून. वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला, माय अप्पांच्या गोठ्यात शेणघाण करायची, धारा काढायची. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी उदगीरच्या कॉलेजात नाव घातलं, पण सकाळच्या वेळेला गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मोटरसायकल दारात उभी केली. डावीकडे दुधाचा कॅन, उजवीकडे दुधाचा कॅन. "बस मधे," ते म्हणाले. "एकीकडं झुकू नको, दूध सांडंल." पदवी मिळेपर्यंत मी अशी दोन कॅनच्या मधे बसून गेले. वर्गात माझ्या ओढणीला कच्च्या दुधाचा वास यायचा. मुली हसायच्या. आज तो वास कुठे आला तर मी पाच मिनिटं तिथेच थांबते.

वाटेत प्रत्येक हॉटेलवाला विचारायचा, "अप्पा, पोर कोण?"

"शेजाऱ्याची. डोकं न्हाई. घरी बसून खाती म्हणून कॉलेजात टाकली."

मी कॉलेजात पहिली आले तेव्हा त्यांनी पारावर बातमी दिली, "निघाली कशीबशी. मास्तरला दया आली आसंल." माझी माय इतकी चिडली की त्या संध्याकाळी धारेला गेलीच नाही. अप्पा स्वतः बसले आणि दलिंदरची लाथ खाऊन उठले.

शेवटच्या वर्षाला देवणीकडचे पाहुणे मला बघायला आले. मला बी.एड. करायचं होतं, पण वडिलांपुढे बोलायची हिंमत नव्हती. पाहुणे रिवाजाप्रमाणे शेजारी चौकशी करायला गोठ्यात गेले.

"पोर?" अप्पा म्हणाले. "झोपाळू हाय. भाकरी थापली की नकाशा होतो. अन् तोंडाची फटकळ."

पाहुण्यांनी आमच्या घरचा चहाही पुरा घेतला नाही. वडील तणतणत गोठ्यात गेले. "अप्पा, तुमी आमचं वाईट केलाव."

"खोटं काय बोललो? तू खाल्लीस का कधी तिच्या हातची भाकरी?"

वडील आल्या पावली परतले, कारण खाल्ली होती. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते. त्या वर्षी मी बी.एड.ला गेले.

अप्पांचा धंदा दुधाचा, तसा मांसासाठी जनावरं विकण्याचाही. नर रेडकू झालं की बरेच लोक त्याला दूध तोडून मारतात. अप्पा ते पोटभर पाजून त्याचा हल्या, म्हणजे दांडगा रेडा, होईपर्यंत वाढवतात. "दूध घर चालवतं, हल्या घर बांधतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः शाकाहारी, पण मोठा झालेला हल्या आणि भाकड म्हैस कशासाठी जाते, याबद्दल कधी आडपडदा ठेवला नाही. उदगीरचे खाटीक महेबूबभाई टेम्पो घेऊन आले की अप्पांची भाषा बदलायची. "कातडी बघ कशी तुकतुकीत. पाय बघ. लई गुणाचं जनावर, महेबूब." मग दावं त्यांच्या हातात द्यायचे, पाठ फिरवायचे आणि टेम्पोचा आवाज विरेपर्यंत घराबाहेर यायचे नाहीत.

मी एकदा मोटरसायकलवर मागून विचारलं, "अप्पा, विकायच्या वेळेला कसं वो गोड बोलताव?"

"भाव आधीच ठरलेला असतो, माय," ते म्हणाले. "पण जायलंय ते. आता त्याला कुणाची नजर लागायची? राहणाऱ्याला नावं ठेवावी, जाणाऱ्याला चांगलं बोलून घ्यावं."

पुढे दलिंदर म्हातारी झाली, गाभण राहीना. टेम्पो आला. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "लई गुणाची, महेबूब. हिनंच गोठा..." आणि थांबले. हात तसाच पाठीवर. मग एकदम म्हणाले, "शिंग बघ हिचं, वाकडं. दात बी पडल्यात. काय करतूस घिऊन?"

महेबूबभाईंनी दावं गुंडाळून खांद्यावर टाकलं. "चलो. गाली शुरू झाली. आता ही म्हैस भेटत नसती."

दलिंदर अजून आहे. अप्पा रोज तिला पेंड घालतात आणि फुकटखाऊ म्हणतात.

मला नोकरी लागली ती थेट रत्नागिरीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. उदगीरच्या स्टँडवर आई-वडील होते आणि खव्याचा डबा फडक्यात बांधून अप्पा. पुण्याची गाडी लागली, रत्नागिरीची तिथून धरायची होती; मी खिडकीत बसले. अप्पांनी कंडक्टरला गाठलं.

"साहेब, ही आमची पोर. लई गुणाची. अशी हुशार पोर तालुक्यात न्हाई. शांत, कष्टाळू, शब्दाला पक्की."

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. हे शब्द अप्पांच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. आता ते आले आणि मला नकोसे झाले. ते मी टेम्पोपाशी ऐकले होते. बसूबद्दल ऐकले होते. अप्पांनी पाठ फिरवली होती, ते चालायलाही लागले होते.

"अप्पा," मी खिडकीतून ओरडले, "दिवाळीला येणार हाय मी. आधी गोठ्यात येते, मग घरी."

ते थांबले. मग परत फिरले, खिडकीखाली आले आणि कंडक्टरला म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राहिलं. झोपाळू हाय ही. पुणं आलं की हलवून उठवा."

"काका, आत्ता तर हुशार म्हणालाव," कंडक्टर म्हणाला.

"कशाची हुशार," अप्पा म्हणाले. "दगड हाय नुसता."

गाडी हलली. स्टँडच्या फाटकातून बाहेर वळेपर्यंत मी मागे बघत होते. अप्पा तोंड आमच्याकडे करून तिथेच उभे होते.