सुपरमार्केटच्या फिल्मचा खरा बाप

पाल्मिरामावशी अर्जेंटिनाहून येणार म्हणून ओत्ताविओने कॅमेऱ्यासाठी फिल्मचा रोल आणला, आणि तो नेहमीच्या फोटोवाल्या सेत्तिमिओकडून न आणता सुपरमार्केटमधून आणला, एवढंच काय ते झालं. पुढचं रामायण त्यातून घडलं.

मावशी म्हणजे त्याच्या सासूची, एर्सिलियाबाईंची धाकटी बहीण. लग्न करून बोटीने गेलेली, ती आता म्हातारी होऊन विमानाने येत होती, आणि पुन्हा येणं तिच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं. एर्सिलियाबाईंनी जावयाला एकच गोष्ट सांगितली होती.

"आम्हा दोघींचा एक फोटो काढ. उशाशी ठेवीन."

"एक काय, अख्खा रोल काढतो," ओत्ताविओ म्हणाला. (हा गृहस्थ सावोनाच्या नगरपालिकेत जन्माचे दाखले द्यायचा. कुणाचा बाप कोण, हे बघणं त्याच्या पोटापाण्याचंच काम.)

रोलच्या डबीवर फक्त सुपरमार्केटचं नाव होतं. बारमध्ये कॉफी पिताना सेत्तिमिओ फोटोवाल्याने ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"सुपरमार्केटवाले फिल्म बनवतात होय? माल दुसऱ्याचा असणार. जपानी आहे ही."

"जपानी कशाला? आपल्या वरच्या खोऱ्यातल्या कारखान्याची आहे."

"कशावरून म्हणतोस?"

"वासावरून," ओत्ताविओ बोलून गेला आणि सगळा बार हसला. ते हसणं त्याला फार लागलं.

मावशी ऑगस्टमध्ये आली. दोघी बहिणी पहिल्याच दिवशी अक्रोडाच्या सॉसमध्ये लसूण घालायचा की नाही यावरून भांडल्या, मग गॅलरीत एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ओत्ताविओने सगळं टिपलं. रोल संपला, गुंडाळून आत गेला. पण ऑगस्टमध्ये, ऐन सुट्टीत, गावात कोण असतं? सेत्तिमिओ शटर ओढून डोंगरात गेला होता. रोल कपाटाच्या खणात पडला. मावशी विमानात बसून गेली.

आता त्या घरातला एक नियम सांगायला हवा. फिल्मचं टोक, म्हणजे जीभ, बाहेर असेल तर रोल कोरा. जीभ आत गेली असेल तर फोटो काढलेले. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ओत्ताविओने बायकोकडून, फियोरेंझाकडून, हे घोकून घेतलं होतं. "मला विचारत बसायचं नाही. जीभ बघायची." (मधूनमधून तो तिची तोंडी परीक्षाही घ्यायचा.)

कचेरी बंद, बार बंद. रिकाम्या ओत्ताविओच्या डोक्यात ते हसणं घुमत राहिलं. मग त्याला सुचलं की, प्रत्येक कारखान्याच्या फिल्मचा रंग थोडा वेगळा असतो. जीभ बाहेर ओढायची एक पातळ पट्टी मिळते, ती त्याच्याकडे होतीच. मावशीच्या रोलची जीभ त्याने हळूच बाहेर काढली आणि खोऱ्यातल्या कारखान्याच्या नव्या फिल्मशेजारी धरली. अगदी तोच जांभळट रंग.

"सापडला बाप!" तो ओरडला.

"पास्ता गाळलाय. चिकट झाला तर तूच खा," स्वयंपाकघरातून फियोरेंझा म्हणाली.

त्या घरात पास्त्याला ताटकळत ठेवायची कुणाची टाप नव्हती. ओत्ताविओने रोल तसाच खणात टाकला आणि जेवायला पळाला.

आणि एकदा चटक लागली की सुटते थोडीच. फिल्मचा बाप सापडला, मग टोमॅटोचा कोण? साबणाच्या पावडरीचा कोण? सुपरमार्केटच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढून छडा लावायचा, असं त्याने ठरवलं.

"फियोरेंझा, कॅमेऱ्यात रोल घाल गं," बुटाच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला.

तिने खण उघडला. जीभ बाहेर होती. शिकवल्याप्रमाणे काही न विचारता तिने रोल घातला.

सप्टेंबरमध्ये सेत्तिमिओचं शटर वर गेलं आणि सुपरमार्केटभर फिरून भरलेला रोल त्याच्याकडे धुवायला गेला. ओत्ताविओ फोटोंचं पाकीट घ्यायला गेला तेव्हा सेत्तिमिओ हसला नाही.

"जिंकलास तू. बघ, निगेटिव्हच्या कडेला छापलंय. खोऱ्यातलाच कारखाना."

"मी म्हणालो नव्हतो? मी तर जीभ ओढून रंगच बघितला होता."

"कशाला ओढलीस? फिल्म धुतली की कडेला आपोआप दिसतं." त्याने पाकीट पुढे सरकवलं. "आता जरा बस, आणि मग उघड."

मावशीच्या कपाळावर साबणाच्या पावडरीचं खोकं होतं. गॅलरीतल्या मिठीवर टॉयलेट पेपरची चळत उभी होती. सासूबाई केक कापत होत्या तो तेलाच्या डब्यातून. फोटोमागून फोटो तेच, एकाच रोलवर दोनदा काढलेले. ओत्ताविओला दुकानातच रडू आलं. म्हाताऱ्या बाईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती आणि ती आपण चार हसणाऱ्या लोकांपायी घालवली, हे त्याला धडधडीत दिसत होतं.

घरी फियोरेंझाने पाकीट पाहिलं.

"जीभ बाहेर होती," ती म्हणाली.

"हो."

"विचारायचं नाही, म्हणाला होतास."

"हो."

आणि ती पास्त्याचं पाणी ठेवायला आत गेली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

एर्सिलियाबाईंनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. ओत्ताविओ समोर मान खाली घालून उभा होता. एकाच फोटोत दोघींचे चेहरे जरा धड आले होते, फिकट, गालाला गाल लावलेले. आणि बरोबर खांद्यांच्या मध्ये टोमॅटोचा एक गलेलठ्ठ डबा. बाईंनी बहिणीच्या गालावरून बोट फिरवलं.

"याला फ्रेम आण," त्या म्हणाल्या.

तो फोटो आता त्यांच्या उशाशी आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो हातात देतात. ओत्ताविओ तिथे असला तरी आवाज कमी करत नाहीत.

"ही मी. ही पाल्मिरा. फोटो काढणारा कधी फोटोत येत नाही म्हणतात, पण आमचा जावई आलाय बघ. हा मधला डबा."