नाना आणि धूळवाटेवरची म्हातारी

आमचे घरमालक शालिकराम नाना इंगळे व्हिडिओ गेम खेळायला बसताना बूट घालतात. नुसते बूट नाहीत. मोजे, खाकी पँट आणि केसांना पाणी लावून पाडलेला भांग. सकाळी खालच्या खोलीतून नाडी आवळतानाचं खाकरणं ऐकू आलं, की माझी बायको मीना म्हणते, "निघाली गाडी."

बुलढाण्यात बदली होऊन आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा मी या बुटांचं कारण विचारलं होतं. नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सर, गाडी काय चपलेवर चालवाव?"

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बुलढाणा ते धाड या रस्त्याचे खड्डे त्यांना नातेवाइकांसारखे ठाऊक. कोणता नवा, कोणता जुना, कोणता पावसाळ्यात फुगतो, सगळं सांगतील. त्यांची बायको वारल्यावर घर खायला उठलं, म्हणून पुण्याच्या त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, आपला जुना संगणक आणून दिला. सोबत टेबलाला अडकवायचं स्टेअरिंग, पायाखाली ठेवायचे क्लच-ब्रेक, आणि 'धूळवाट' नावाचा गेम.

हा गेम ठाऊक नसलेला पोरगा मी शिकवतो त्या शाळेत सापडणार नाही. जग ओसाड झालंय, जिकडेतिकडे राख. एक खटारा बस घेऊन वाटेत उरलीसुरली माणसं गोळा करायची आणि निळ्या गावाला पोचवायची. मागून राखेची माणसं धावत येतात. पोरं त्यांना चिरडून सुसाट जातात. नाना त्यांना हॉर्न देतात.

"मानूस दिसते न तो," त्यांचं म्हणणं. "राखीचा असला म्हणून का झालं?"

वळणावर ते इंडिकेटर देतात. घाटात गिअर बदलताना ओठ घट्ट मिटतात. माणसं चढली की मागच्या रिकाम्या पलंगाकडे मान करून "चला, फुडं सरका" म्हणतात. मीना एकदा चहा घेऊन गेली आणि दोन शब्द बोलायला लागली, तर नानांनी समोरची नजर न हलवता सांगितलं, "ड्रायव्हरशी बोलू नये." मीनानं चहा ठेवला आणि पलंगावर, म्हणजे मागच्या सीटवर, गुपचूप बसली.

असा माणूस गेममध्ये पुढे कसा जाणार? बहुतेक वेळा नानांची गाडी पूल ओलांडल्यावर अडकायची. तिथं एका टेकाडावरून एक म्हातारी काखेत कोंबडी धरून खाली येते. फार हळू येते. तिच्यासाठी थांबलं की मागची राखमाणसं गाठतात, काचा फुटतात, डिझेल सांडतं. बरं, ती चढल्याचा फायदा काहीच नाही. म्हणून सगळे तिला सोडून जातात. एकदा गेलं की परतायची सोय नाही, कारण त्या बसला रिव्हर्स गिअरच दिलेला नाही. नाना दर वेळी थांबायचे. म्हातारी चढायची आणि निळं गाव यायच्या आधी बस बंद पडायची. नाना बूट काढून जेवायला उठायचे. चेहऱ्यावर कुठेही हरल्याची खूण नसायची.

यंदा बातमी आली, की 'धूळवाट'वर मालिका निघणार. खरे नट, खरी बस, खरी धूळ. शाळेत पोरांना दुसरा विषय उरला नाही. मला वाटलं नाना खूश होतील. नानांनी एकच विचारलं, "म्हातारीचं का करून राह्यले?"

मला कसं ठाऊक असणार? मग मालिकेची झलक मोबाइलवर आली. बस धूळ उडवत निघालीय, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात लहानशी म्हातारी कोंबडी सांभाळत पळतेय, आणि पडदा काळा. नानांनी ती झलक माझ्याकडून किती वेळा लावून घेतली, मोजायची सोय नव्हती.

"आरशात पाहून राह्यला तो," ते म्हणाले. "म्हंजे दिसली त्याले. दिसली तं मंग ब्रेक काऊन नाही मारत?"

आमच्या शाळेतले देशमुख सर असल्या मालिकांचे दर्दी. ते एका संध्याकाळी घरी आले असताना नानांनी त्यांनाही गाठलं. देशमुखांनी समजावून सांगितलं, की गेममध्ये आपण चालवतो म्हणून थांबता येतं. मालिकेत उभी बस कोण बघणार? म्हातारीला मारतील, मग हिरो चिडेल, मग गोष्ट पळेल. सगळीकडे असंच करतात.

नानांनी मान हलवली आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून खालून खाकरणं बंद झालं. नाना ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघू लागले. भाकरी अर्धी ताटात राहायची. वैशालीचा मला फोन आला, बाबा नीट बोलत नाहीत, दवाखान्यात न्यायला हवं का म्हणून. तिला काय सांगायचं? एका न झालेल्या अपघाताची धास्ती घेतलीय, एवढंच मला समजलं होतं; ती एवढी का, ते नाही. मालिका बघणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं.

पुलाचा भाग आला तो रविवार. मीनानं आम्हा दोघांनाही न विचारता पोहे केले, खाली गेली आणि नानांना वर घेऊन आली. नाना दाराजवळच्या खुर्चीवर बसले, मध्येच उतरता यावं असे.

पूल आला. टेकाड आलं. म्हातारी अगदी गेममधल्यासारखीच होती. फक्त तिला आता चेहरा होता, आणि तिला धाप लागत होती. बसमधली माणसं ओरडत होती, चला, चला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि बस सोडली. म्हातारी मागे लहान होत गेली. नाना उठले. मीनानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला, पण त्यांनी दाराची कडी काढलीच.

तेवढ्यात टीव्हीतली बस थांबली. थोडा वेळ नुसती धूळ. मग ती घरघरत मागे येऊ लागली.

नाना कडीवर हात ठेवून उभे होते. बस म्हातारीपाशी पोचली, दार उघडलं, ड्रायव्हरनं खाली उतरून आधी कोंबडी घेतली, मग तिचा हात धरला.

"रिव्हर्स घेतला," नाना हळूच म्हणाले. "गेममधी रिव्हर्स नाही." त्यांनी नाराजीही नोंदवली. "पन मागं कंडक्टर उभा न करता घेतला. असं घेऊ नये."

मग ते खुर्चीवर बसले आणि पोह्यांची बशी रिकामी केली. मीनानं आणखी वाढले, तेही संपवले. वैशालीला डॉक्टर शोधायची गरज उरली नव्हती.

पाणी पिऊन नाना आपणहून बोलायला लागले. ते लहान असताना साखरखेर्ड्याच्या बाजारातून आईबरोबर परतत होते. आईच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर हे. बस सुटलेली. आई उन्हात मागून पळत होती, आणि पुढे जाऊन ती बस थांबली. आतले लोक कावले होते. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, बसा माय.

"वडील नव्हते मले," नाना म्हणाले. "गावात मायसाठी कोनी दोन मिनिटं थांबलं नव्हतं. तो थांबला. म्या त्याचं तोंड बी पाह्यलं नाही सर. मागून निस्ती मान दिसे, घामानं भिजेल. माय घरापर्यंत तोंडाले पदर लावून बसली होती. मले वाटे, उन्हानं."

नानांनी टीव्हीकडे बोट केलं.

"बाई, ते मागं येनं परत दाखवता येते का?"

मीनानं रिमोट उचलला आणि बस पुन्हा मागे आणली.