संपूर्ण बंगला, फक्त तुमच्यासाठी

थोरल्याच्या मुलीचे पुढचे दोन दात पडले आणि ती 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजायची, त्या वर्षीची ही गोष्ट.

माझी दोन्ही मुलं तेव्हा तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. कारण काय, तर सायकल. थोरल्याची शाळेतली गंजकी सायकल धाकट्याने न विचारता भंगारात दिली. थोरला म्हणाला, "विचारायचं तरी." धाकटा म्हणाला, "तीस वर्षं तू कधी विचारलंस त्या सायकलला?" झालं, बोलणं बंद. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही एक लिफ्टने वर आला की दुसरा जिन्याने खाली. डॉक्टरांना वाटलं, आम्हाला एकच मुलगा आहे आणि तो कपडे फार बदलतो.

ह्यांनी त्या आजारपणात एकच मागणं मागितलं. "दोघांना एकदा एका टेबलाशी बघायचंय." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. वेळ फार नव्हता.

मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा. चाळीस वर्षं मी लॉजवर खोल्या आवरल्या आहेत. भांडून झोपलेलं जोडपं मी चादर बघून ओळखते. माणसं कशी जवळ आणायची हे मला कुणी शिकवू नये.

तलावाकाठी एक बंगला दोन दिवस भाड्याने घेतला. कागद बोट ठेवून स्वतः वाचला: 'संपूर्ण बंगला, फक्त तुमच्यासाठी.' थोरल्याला नुसता पत्ता कळवला, शनिवारी दहाला ये, धाकटा नाहीये. धाकट्यालाही तेच, शनिवारी दहाला ये, थोरला नाहीये. दोघं आत आले की बाहेरून कडी घालायची. योजनेत खोट काढून दाखवा.

आम्ही दोघं शुक्रवारीच जाऊन राहिलो. शनिवारी नऊला मी न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. हॉलमध्ये अकरा अनोळखी माणसं. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. एकजण सोफ्यावर चढून भिंतीला मोठा कागद चिकटवत होता. एकीने आमच्या फ्रिजमध्ये डोकं घातलं होतं. हे बनियनवर कोपऱ्यात बसलेले, आणि एक पोरगेलासा इसम त्यांना सांगत होता, "काका, जरा पाय वर घ्या, वायर टाकायचीय."

ह्यांनी पाय वर घेतले.

माझा आवाज लॉजच्या तिसऱ्या मजल्यावरून गेटपर्यंत जायचा. तो आवाज काढायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचे साहेब घड्याळात बघत म्हणाले, "मावशी, चहा किती वेळात?"

आणि मी म्हणाले, "दहा मिनिटांत, साहेब."

आईशपथ सांगते, मी नाही बोलले ते. जीभ बोलली. गॅस पेटवल्यावर भानावर आले. अगं बाई, पाहुणी तू आहेस! तर मागून आवाज, "मावशी, टॉवेल मिळतील?" दिले. "मावशी, बाथरूम ओलं आहे." ओलं मीच केलं होतं. पुसलं. म्हटलं, एवढा चहा देते आणि मग यांना बघते.

खिडकीतून बाहेर बघते तर हे कुणाची तरी गाडी सावलीत लावत होते. जन्मभर साहेबलोकांची गाडी चालवली त्यांनी. समोर कुणी किल्ली धरली की हात आपोआप पुढे. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. पण माणूस आठ महिन्यांनी हसत होता. मी काय ओरडणार?

बंगल्याच्या मालकिणीला फोन लावला.

"अहो बाई, घरात अकरा माणसं शिरलीत."

"अकराच? बारा येणार होते," ती म्हणाली. "ऑफिसचं शिबिर आहे हो काकू. पाहुणे दिवसा फिरायला जातात, घर नुसतं पडून असतं. सहाला रिकामं करून देतील."

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"तलाव बघा ना. छान आहे."

"कागदावर फक्त तुमच्यासाठी असं लिहिलंय."

"मग? त्यांच्याही कागदावर तेच लिहिलंय."

मी फोन ठेवला आणि चहा गाळला.

बरोबर दहाला दार उघडलं. साहेबांचा चहा सांडला होता आणि मी गुडघ्यावर बसून टेबलाखालची फरशी पुसत होते. दारात थोरला. त्याने मला बघितलं. मग वळून अंगणात बघितलं, तिथे हे पंचविशीतल्या एका पोरीसाठी गाडीचं दार उघडून उभे. आणि त्याच्या मागे, हातात पिशवी घेऊन, धाकटा.

तीन वर्षांनी थोरला भावाशी पहिलं वाक्य बोलला.

"आईला लोकांच्या घरी कामाला लावलंस?"

"मी? तूच लावलं असशील! बाबांना गाडीवर कुणी पाठवलं?"

"ऑपरेशन झालंय त्यांचं. लाज वाटत नाही?"

"मला सांगतोस? दवाखान्यात चौदा रात्री कोण होतं?"

"सात. सात मी होतो. तू विसरून गेलेला डबा रोज मी धुवायचो."

धाकट्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, नर्स धुते."

अकरा माणसं श्वास रोखून बघत होती. एक मुलगी वहीत टिपून घेत होती. तिला वाटलं, शिबिरातलाच भाग आहे.

मी फडकं घेऊन उठले. "मला कुणी कामाला लावलं नाही. बंगला मीच घेतलाय. दोन दिवसांसाठी."

"मग फरशी का पुसतेस?" दोघं एकदम.

"त्यांनी सांगितलं."

दोघं खांद्याला खांदा लावून साहेबांकडे वळले. साहेब दोन पावलं मागे सरले. "पण मावशींनी स्वतः टॉवेल आणून दिले हो."

मग मालकिणीला फोन. एकाच फोनवर दोघं. थोरला दमला की धाकटा, धाकटा दमला की थोरला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आईंबद्दल काहीच तक्रार नाही. साहेबांना चहा आवडला, असा निरोप आलाय." शिबिर सहापर्यंत हललं नाही.

आम्ही चौघं स्वयंपाकघरात. टेबल हातभर, खुर्च्या दोन. एकीवर ह्यांना बसवलं, एकीवर मला. मुलं टेबलाला टेकून उभी राहिली आणि मालकिणीला शिव्या घालत होती; एकाची शिवी दुसरा पुरी करत होता. ह्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मला म्हणाले, "चहा उरलाय का गं?"

सहाला निघताना साहेबांनी दारातून विचारलं, "मावशी, पुढच्या महिन्यात आमची दुसरी तुकडी येतेय. तुम्ही असाल ना?"

दोन्ही मुलं माझ्याकडे बघत होती. तरी मी म्हणाले, "हो साहेब, असेन की."

हे पुढच्या वर्षी मे महिन्यात, एका बुधवारी दुपारी गेले. दोन्ही मुलं जवळ होती.