दीडशे माणसांची पायवाट

"गवत दाखवा, माणसं मोजून देतो!" असं आराखडेबुवा छातीठोकपणे सांगायचे. वय अवघं अठ्ठावीस. 'बुवा' ही पदवी नगररचना कार्यालयातल्या मंडळींनी बहाल केलेली. कार्यालयाचा नियम साधा होता. आखलेला रस्ता सोडून लोक जिथून चालतात, तिथलं गवत मरतं. जिथं गवत मेलं, तिथं फरसबंदी करायची.

बुवा राहायचे तेही स्वतःच आखलेल्या वसाहतीत. गाडी तळघरात, तळघरातून लिफ्ट, लिफ्टमधून थेट दारात. वाटेत कुणाचं तोंडही बघायला नको! या कल्पनेबद्दल बुवांना शाबासकी मिळाली होती. गेली दोन वर्षं ते त्या शाबासकीत एकटेच राहत होते. शेजारी त्यांना फक्त दारातल्या चपलांवरून ठाऊक होते. उजवीकडे आठ नंबर, डावीकडे सहा.

एक दिवस मोठ्या साहेबांनी त्यांच्यापुढे आकाशातून काढलेला फोटो टाकला.

"बुवा, ही तुमचीच वसाहत ना? मग ही रेघ कसली?"

मागच्या मैदानात, जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, गवताला चक्क टक्कल पडलं होतं!

बुवांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हणजे लोक भेटतात! रोज! आणि आपल्याला कुणी साधं बोलावत नाही!

"किती माणसं असतील?"

"दीडशे," बुवा कडवटपणे म्हणाले. "कमीत कमी! टाकीपाशी तर घोळका करून गप्पा छाटतात. बघा ना, तिथं वाट केवढी रुंद झालीय."

"नक्की?"

"साहेब, गवत खोटं बोलत नाही."

अहवाल गेला, मंजुरी आली. फरसबंदी, चार दिवे, सहा बाकं!

काम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी साहेब पाहणीला आले. सात वाजत आले तरी मैदानात चिटपाखरू नव्हतं.

"कुठायत तुमची माणसं?"

"येतील. लाजाळू असतील."

तेवढ्यात बुवांचा फोन वाजला. आई! ती रोज सातला फोन करायची, आणि घरात रेंज मिळत नसल्यामुळे बुवा रोज खाली उतरायचे. "एक मिनिट हं," म्हणत त्यांनी फोन कानाला लावला. पाय आपोआप चालू लागले.

"आज कुणाशी बोललास का रे?" आईचा ठरलेला प्रश्न टाकीपाशी आला. रोज तिथंच यायचा. उत्तर शोधत बुवा रोज तिथंच गोल गोल फिरायचे. आज मात्र उत्तर तयार होतं.

"इथं रोज दीडशे माणसं जमतात, आई!"

"अगं बाई! मग मी कशाला मध्ये लुडबुड करू? उद्यापासून नाही हं करत फोन. तू बस त्यांच्यात."

"आई, ऐक तर..."

फोन बंद. बुवांनी मान खाली घातली. पायाखाली सगळी टकली माती, तिच्यावर बुटांचे ठसेच ठसे. मागे साहेब.

"काय हो बुवा, तुमची दीडशे माणसं एकाच मापाचे बूट घालतात का?"

"नऊ नंबर," बुवा पुटपुटले.

पण दिलेली मंजुरी परत घेणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. "वाट होणार! आणि महिनाभर मोजणीही होणार! दीडशे म्हणालात ना? दीडशे दाखवा!"

वाट झाली. बुवा रोज संध्याकाळी दीडशे फेऱ्या मारू लागले. चारही दिवे त्यांच्या एकट्यासाठी जळायचे. सहा रिकामी बाकं परीक्षेतल्या पर्यवेक्षकांसारखी त्यांच्याकडे टक लावून बघायची. सात वाजायचे, फोन गप्प!

आठव्या दिवशी, एक्केचाळिसाव्या फेरीला, बुवांनीच फोन लावला.

"आई, तू फोन करत जा ना."

"का रे? आणि ती माणसं?"

"येतात गं. अगदी वेळेवर येतात. पण सगळीच्या सगळी माझ्याच स्वभावाची निघाली. आपणहून कुणी बोलतच नाही."

आई म्हणाली, "बरं. आज काय खाल्लंस, ते सांग आधी."

सांगता सांगता फेऱ्यांचा आकडा चुकला. बुवांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.