सोबत मूळ व्यसन जोडावे

विद्यापीठाच्या पदव्युत्तर निबंध स्पर्धेत ‘व्यसन’ या विषयावर लिहिणाऱ्याने निबंधासोबत मूळ व्यसन जमा करायचं असतं. झेरॉक्स चालत नाही. पहिल्या बक्षिसाचं व्यसन ग्रंथालयात कायमचं ठेवून घेतात. बाकीच्यांनी आपापलं घरी परत न्यायचं.

समाजकार्यात एम.ए. करणाऱ्या रेवती भांबुरेला स्वतःचं असं काही व्यसन नव्हतं. चहासुद्धा कुणी दिला तरच घ्यायची. पण घरी अप्पांचं होतं, दारूचं, चांगलं पोसलेलं. तेवढं एकदा विद्यापीठाच्या गळ्यात मारलं की आई सुटली, अशा विचाराने तिने एका सकाळी, अप्पा शुद्धीवर असताना, ते निबंधापुरतं मागितलं. अप्पा एसटी डेपोतून निवृत्त झालेले. पोरीच्या शिक्षणाचं नाव काढलं की त्यांची छाती फुगायची.

“शिकायला म्हणून मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालंय?” म्हणत त्यांनी ते भाजीच्या पिशवीत घालून दिलं. रिक्षात हिंदकळेल, मांडीवर घेऊन बस, असंही वर बजावलं.

विद्यापीठात अर्जाच्या खिडकीवरच्या खटावकर बाईंनी पिशवीत डोकावून नाकाला पदर लावला. व्यसन अर्जदाराच्याच नावावर हवं, म्हणाल्या.

“वडिलांचं आहे. म्हणजे पुढेमागे माझंच की.”

“पुढेमागेचं पुढेमागे. वडील हयात आहेत ना? मग नावावर करून आणा.”

रेवती गोंधळली. नावावर करून घेतलं आणि बक्षीस हुकलं, तर ते घरी येणार, आणि तेही तिचं होऊन. तरी तिने स्टँपपेपर आणला. पिशवी बाहेर ओट्यावर होती, त्यामुळे अप्पांची सही बऱ्याच वर्षांनी सरळ आली.

निकालापर्यंत घरात कुणाला काही सुचेना. दिवेलागणीला अप्पा चपला घालत, दारापर्यंत जात आणि कुठे निघालो होतो ते आठवेना म्हणून परत येत. आई त्यांना शिव्या द्यायला तोंड उघडायची आणि मुद्दा न सापडून मिटायची.

रेवतीला पहिलं बक्षीस मिळालं. निबंध बरा आहे, व्यसन मात्र अस्सल, असा परीक्षकांचा शेरा होता. आईने गल्लीभर पेढे वाटले.

“निबंधापुरतं म्हणाली होतीस,” अप्पा तेवढंच बोलले. रागावले नाहीत. इस्त्रीचा सदरा घालून ते ग्रंथालयात गेले आणि माजी मालक म्हणून वाचकाचं कार्ड काढून आले.

हे कळलं तशी रेवती धावतच तिथे पोचली. अप्पा चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिचा निबंध वाचत होते. समोरच्या काचेच्या कपाटात पिशवी मंद हलत होती. ग्रंथपाल डोईफोडे सरांनी तिला नियम समजावला. निबंध आणि व्यसन एकाच क्रमांकावर नोंदलेले. आधी निबंध पुरा वाचायचा, मग कपाट उघडायचं. बाहेर न्यायला मनाई, इथेच बसून घ्यायचं.

“आणि त्यांचा वाचून झाला तर?”

“तर उघडावं लागेल. वाचकाचा हक्क आहे, मॅडम.”

बंद व्हायची घंटा झाली. अप्पांनी निबंध परत केला, खूण म्हणून त्यात एसटीचं जुनं तिकीट ठेवून.

“फार बारीक लिहितेस गं,” जिना उतरताना ते म्हणाले. “आज तुझ्या आईच्या पाटल्यांचं पान आलं. ते दोनदा वाचावं लागलं.”

“अजून किती राहिलंय, अप्पा?”

“थोडंच. दोन-तीन दिवसांत होईल.”

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आत रेवती तिथे उभी होती. बक्षीस मिळालेल्या निबंधाला नंतर पुरवणी जोडता येते का, असं तिने खटावकर बाईंना विचारलं.

“येते की. न यायला काय झालं? किती जोडायच्यात?”

रेवती बोटांवर मोजायला लागली आणि दोन्ही हातांची बोटं संपली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, खण उघडला आणि पुरवण्या बांधायच्या दोऱ्याचं अख्खं रीळ खिडकीतून पुढे सरकवलं.