शंभर टक्के हजेरी

शिक्षण ही अमूल्य गोष्ट आहे, म्हणूनच शाळा वेळोवेळी मोजाव्या लागतात. शेवगावपलीकडची बोरमाळ वस्तीची जिल्हा परिषद शाळा बरीच वर्षं मोजायची राहून गेली होती. पट दहा, शिक्षिका एक. मुख्याध्यापिका, कारकून आणि शिपाई या तिन्ही पदांवर सत्यशीलाबाईच होत्या. (उरलेल्या वेळात त्या शिकवत, अहवालात तो रकाना नाही.)

दिवाळीनंतर वस्तीवरची माणसं ऊसतोडीला निघाली की पोरंही गाडीत बसत. यंदा बाईंनी घरोघरच्या आज्यांच्या हातापाया पडून दहाही पोरं मागे ठेवून घेतली. असा आगाऊपणा शासनाच्या नजरेतून सुटत नाही. चौथीतल्या भारतीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जाहीर झालं. शिक्षण खात्याच्या साहेबांच्या सहीचं पत्र आलं: समारंभ शेवगावला, मंगळवारी साडेदहाला.

त्याच साहेबांच्या सहीचं दुसरं पत्र आलं. मंगळवारी साडेदहाला पटपडताळणी. हजर मुलं दहापेक्षा कमी भरल्यास शाळा बंद, मुलं चार किलोमीटरवरच्या शाळेत. बाईंनी फोन करून विचारलं. दोन्ही पत्रांचं काटेकोर पालन करावं, असं उत्तर मिळालं.

बाई भारतीच्या घरी गेल्या. तिची आजी कडूबाई उंबऱ्यातच बसली होती.

"बाई, दोन दिस झालं, पोरगी बक्षिसाला घालायचा फराक उशाला घिऊन झोपतीया. रोज आली तर बक्षीस, आसं तुमीच म्हनला हुता न्हवं?"

बाईंना गलबलून आलं. "घेऊन जा तिला," त्या म्हणाल्या. (प्रशिक्षणात भावनेवर ताबा हा विषय दोनदा झाला होता.)

मंगळवारी पडताळणी अधिकाऱ्यांनी पोरं तीनदा मोजली. तिन्ही वेळा नऊ भरली. बाईंनी मोबाईल पुढे केला: भारती, हातात प्रमाणपत्र, शेजारी साहेब.

"फोटोतलं मूल धरता येत नाही," अधिकारी म्हणाले. एरवी वर्षभर फोटोशिवाय काहीच धरलं जात नसे.

कुलूप आधी लागलं, हरकती नंतर मागवल्या. पंधरा दिवसांत, संकेतस्थळावर. आईबाप फडात, आज्या निरक्षर. त्यामुळे हे काम शिकल्यासवरल्या लोकांवर आलं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी पडताच त्रेचाळीस जणांनी रडके चेहरे टाकले. हरकत एकही आली नाही.

भारती अजून रोज साडेदहाला येऊन कुलपासमोरच्या पायरीवर बसते. हजेरी मोडायची नाही, म्हणते.

मुदतीचे दोन दिवस शिल्लक आहेत. हे वाचून आपणही हळहळला असाल. अर्जात हळहळीचा रकाना नाही.